सासूबाईंचं नाक

गल्लीत तिला सगळे मेणबाई म्हणायचे. हे नाव कुणी पाडलं ते तिला माहीत नव्हतं, पण का पाडलं ते कुणालाही कळलं असतं. तिच्या नखांच्या कडांना मेण अडकलेलं असायचं, चपलांवर मेणाचे ठिपके असायचे, आणि एकदा तर केसांत वातीचा तुकडा घेऊन ती बँकेत जाऊन आली होती. नावाचा तिला राग नव्हता. आधीच्या आयुष्यात आपल्याला नाव देण्याइतकं कुणी आपल्याकडे बघितलंच नव्हतं, असं ती हसत हसत सांगायची.

आधीचं आयुष्य म्हणजे ड्रायक्लीनिंगच्या दुकानाचा काउंटर. लोक कोट, शाली, पडदे आणून टाकायचे आणि ती चिठ्ठी लावून आत पाठवायची. तिचं नाक पहिल्यापासून तिखट. कपड्यांच्या गठ्ठ्यावरून कुणाच्या घरी आजारी माणूस आहे, कुणी चोरून सिगारेट ओढायला लागलंय, कुणाकडे बाळ आलंय, हे तिला न विचारता कळायचं. कळलं तरी ती तोंडातून अवाक्षर काढायची नाही, म्हणून गिऱ्हाइकं तिला मानायची. पुढे मालक थकले, मुलीकडे राहायला गेले आणि दुकानाला कुलूप लागलं. मालकांनी जाताना विचारलं, "तुला काय देऊ?" तर तिने लाकडी चिमट्यांची भरलेली पिशवी मागून घेतली. चिमटे कधीही उपयोगी पडतात, एवढाच तिचा हिशेब होता.

घरात माणसं तीन. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. सासूबाई आतल्या खोलीत, खुब्याचं हाड मोडल्यापासून चाकांच्या खुर्चीत. घर दुसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. "अख्ख्या शहराला वरखाली करतो माझा मुलगा, आई तेवढी अधांतरी," असं सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या. तो बिचारा हसून मान खाली घालायचा.

सासू-सुनेचं भांडण मात्र नव्हतं. भांडायचं तर आधी बोलावं लागतं. औषध घेतलं का, पंखा लावू का, दार ओढून घेऊ का, यापलीकडे दोघींचं गाडं जातच नव्हतं. सून दिवसभर कामावर असायची तोवर हे कुणाला खुपलंही नाही. आता दोघी दिवसभर एका छताखाली, आणि घरात घड्याळाची टिकटिक ऐकू यायची.

ती टिकटिक ऐकून ऐकूनच मेणबाईने मेणबत्त्या करायला घेतल्या. फोनवरचे व्हिडिओ बघून शिकली. काचा लावून बंद केलेली बाल्कनी हा तिचा कारखाना. शेगडीवर पाण्याचं पातेलं, पाण्यात मेणाचं भांडं, भांड्यात तापमानाचा काटा. काचेचे ग्लास ओळीने मांडायचे, प्रत्येकात वात चिकटवायची आणि ती सरळ उभी राहावी म्हणून वरून दुकानातला लाकडी चिमटा लावायचा. तेल घालायची वेळ साधणं हेच खरं कसब. मेण फार गरम असताना घातलं तर वास उडून जातो, फार निवल्यावर घातलं तर तो मेणात जिरत नाही. शिवाय ओतल्या ओतल्या मेणबत्ती विकायची नसते, तिला मुरायला वेळ द्यावा लागतो. मेणबाईकडे वेळ भरपूर होता.

पहिल्या मेणबत्त्या जमल्यावर ती त्या मोठ्या रस्त्यावरच्या भेटवस्तूंच्या दुकानात घेऊन गेली. मालकीणबाईंनी एकेक झाकण उघडलं, हुंगलं, परत लावलं.

"गुलाब, लव्हेंडर, व्हॅनिला," त्या म्हणाल्या. "वाईट नाहीत हो. चांगल्या आहेत. पण या वासांच्या इतक्या मेणबत्त्या आल्यात की माझं कपाटच शिंकायला लागेल. मला असं काहीतरी आणा, की गिऱ्हाईक झाकण उघडेल आणि तिथेच थांबेल."

मेणबाई घरी आली ती हे वाक्य डोक्यात घेऊन. चौकशी करता करता तिला साबणाच्या कारखान्यामागच्या बोळातला एक व्यापारी सापडला. त्याला सगळे बाटलीवाले काका म्हणत. साबण, शाम्पू, फरशी पुसायचं औषध बनवणाऱ्यांना तो सुगंधी तेलं पुरवायचा. दुकान म्हणजे जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर तपकिरी बाटल्या आणि पत्र्याचे डबे, मध्ये एक टेबल, टेबलावर नाजूक वजनकाटा आणि टीपकागदाच्या पट्ट्या. काका अंगाने भरलेले, आवाजाने खर्जातले.

"काय पाहिजे?"

"वेगळं काहीतरी."

"वेगळं म्हणजे काय? वेगळं तर फिनाइलही असतं."

मेणबाई हसली, आणि ते हसणं काकांना आवडलं असावं. त्यांनी तिला बसवलं आणि समजावून सांगितलं. बाटलीत चांगला येणारा वास मेणात टिकेलच असं नाही. काही तेलं वातीचा गळा धरतात, ज्योत गुदमरते. काहींनी मेणाला घाम फुटतो, तेल वर येतं. अंगाला लावायचं अत्तर मेणात घालशील तर वात थुंकायला लागेल. मग त्यांनी छोट्या छोट्या कुप्या भरून दिल्या. तासलेलं लाकूड, काकडी, नवं कातडं, समुद्राचा वारा, इस्त्री केलेलं सुती कापड.

"आधी जाळून बघ. मग ये मला सांगायला," काका म्हणाले. नमुन्यांबद्दल काही घेतलं नाही.

इस्त्रीच्या कापडाची कुपी उघडली आणि मेणबाई बाल्कनीतल्या स्टुलावर मटकन बसली. तिचं सगळं तरुणपण त्या कुपीत होतं. त्याच तेलाच्या मेणबत्त्या करून ती परत मोठ्या रस्त्यावर गेली. मालकीणबाईंनी झाकण उघडलं. त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "ही फळी तुमची. आणखी असेच वास आणा."

आणि नेमकी तेव्हाच मेणबाई तापाने पडली.

ताप साधाच होता. आला, अंग मोडून गेला. उठल्यावर तिने कॉफी केली तर ती निव्वळ गरम पाण्यासारखी लागली. नाक चोंदलं असेल, असं तिने मनाला सांगितलं. नाक मोकळं झालं तरी वास काही येईना. साबणाला नाही, कांद्याला नाही, शेगडीला नाही. शेवटी घाबरून तिने लवंगेच्या तेलाची सगळ्यात उग्र बाटली नाकाशी धरली. काही नाही. खिडकीतून बाहेर बघताना एकदम सगळे आवाज बंद व्हावेत, तसं तिला झालं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "कधीकधी होतं असं. येईल परत, बहुतेक येईल. कधी ते मी सांगू शकत नाही. रोज ठरावीक चार वास घ्यायचे, मन लावून. येत नसले तरी घ्यायचे."

मेणबाईने ही गोष्ट नवऱ्यालाही सांगितली नाही. मेणबत्त्या करणाऱ्या बाईला वास येत नाही, हे ऐकून कोण फळी देईल? तिने ठरवलं, कुप्यांवर नावं आहेत, काटा आहे, मापं आहेत. नाकाशिवाय चालवून नेऊ.

पण तेल शाई खातं. कुपीवरून एक थेंब ओघळला की नाव पुसलं जातं. एका दुपारी तिच्या हातात सारख्या दिसणाऱ्या दोन कुप्या आल्या, दोन्ही कोऱ्या. एक इस्त्रीच्या कापडाची. दुसरी कसली ते तिला आठवेना. तिने दोन्ही हुंगल्या, सवयीने. मग रंगावरून अंदाज बांधला आणि दुकानासाठीचं सगळं मेण त्या अंदाजावर ओतून टाकलं.

थोड्या वेळाने आतल्या खोलीतून आवाज आला. "अगं ए, कुणाचे गुडघे दुखतायत?"

"काय झालं आई?"

"घरभर मलमाचा वास सुटलाय. पहिलवानांची तालीम भरलीय का बाल्कनीत?"

मेणबाई दारात येऊन उभी राहिली. सासूबाईंनी खुर्ची वळवली आणि तिच्याकडे नीट बघितलं.

"तुझं नाक गेलंय ना?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"मला कधीच कळलंय. दूध करपून कोळसा झालं, तू शेजारी उभी राहून भांडी पुसत होतीस. मी इथून नाक धरून बसले होते. म्हटलं, सांगेल आज, सांगेल उद्या."

मेणबाईला रडू कोसळलं. तापात रडली नव्हती, डॉक्टरबाईंसमोर रडली नव्हती, ते सगळं आत्ता बाहेर आलं.

"रड, खुशाल रड," सासूबाई म्हणाल्या. "पण आधी शेगडी बंद करून ये. तुला धुराचाही पत्ता लागायचा नाही."

ती शेगडी बंद करून आली. सासूबाईंनी तिला पलंगावर बसायला सांगितलं. इतक्या वर्षांत ती त्या पलंगावर फक्त चादर बदलायला वाकली होती.

"डॉक्टर काय म्हणाल्या?"

तिने चार वासांचं सांगितलं.

"आण त्या चार कुप्या. आणि बाकीच्याही आण. माझं सगळं मोडलंय, नाक तेवढं शाबूत आहे. ते वापर."

दुसऱ्या दिवसापासून सकाळचा चहा झाला की सासूबाईंच्या खोलीत शाळा भरू लागली. सासूबाई एक कुपी सुनेच्या नाकाखाली धरायच्या.

"काय येतंय?"

"काहीच नाही."

"मग ऐक." आणि त्या कुपी स्वतःच्या नाकाशी नेऊन डोळे मिटायच्या. "हे लिंबू आहे. पण कापलेलं नाही. नखाने साल ओरखडलेलं. नखात जरासं जळजळतंय. आठवतंय?"

मेणबाईला वास यायचा नाही, पण नखातली जळजळ आठवायची. तेवढंही पुष्कळ वाटायचं.

त्या चार कुप्यांच्या जोडीला मग काकांचे नवे नमुनेही येऊ लागले. आणि तिथे सासूबाईंची जीभ सैल सुटली. एका कुपीला त्या म्हणाल्या, "पाहुणे गेल्यावरचा सोफा. थोडा माणसांचा, थोडा बिस्किटांचा, आणि हुश्श." दुसरीला म्हणाल्या, "नवीन चप्पल, लागणारी." तिसरीला नाक मुरडून, "ही बाई फार बोलते. हिला मेणात घेऊ नकोस, घरात कुणाला बोलू द्यायची नाही." समुद्राच्या वाऱ्याला त्यांनी एका शब्दात निकालात काढलं, "आंघोळ." मेणबाई पोट धरधरून हसायची. बाल्कनीत मेण वितळत असायचं आणि आतून दोघींचं हसणं ऐकून शेजारीण एकदा विचारायलाच आली, कुणी आलंय का म्हणून.

आता रीत अशी बसली. मेणबाईने मेण करायचं, सासूबाईंनी वास पारखायचा. जळती मेणबत्ती सासूबाईंच्या खोलीत ठेवायची, दार लोटून घ्यायचं, आणि जरा वेळाने निकाल ऐकायला जायचं. शिसपेन्सिलीच्या लाकडाचा वास पास झाला. पाहुणे गेल्यावरचा सोफाही पास झाला. दुकानाच्या मालकीणबाईंना ती मेणबत्ती देताना मेणबाईच्या तोंडून सासूबाईंचं वाक्य निसटलं. मालकीणबाई इतक्या हसल्या की त्यांनी तेच वाक्य ग्लासावरच्या पट्टीवर छापायला लावलं. गिऱ्हाइकं पट्टी वाचायची, हसायची, झाकण उघडायची आणि थांबायची.

हे सगळं तिने घरी येऊन सांगितलं तेव्हा सासूबाईंनी पुढची कुपी मागितली. पण संध्याकाळी मुलगा कामावरून आल्यावर त्याला म्हणाल्या, "पाय पुसून ये. इथे कामं चालतात."

असेच दिवस चालले असताना एका सकाळी शाळा संपल्यावर सासूबाई कुपी हातात फिरवत म्हणाल्या, "तुझ्या त्या काकांना विचार, टोमॅटो मिळेल का."

"टोमॅटोचा वास?"

"टोमॅटोचा कशाला? त्याची भाजी कर. टोमॅटोच्या पाल्याचा."

सासूबाईंनी तरुणपणी भाज्यांच्या मोठ्या काचघरात काम केलेलं होतं, हे सुनेला ऐकून माहीत होतं. त्यात काही सांगण्यासारखं असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी सासूबाई पहिल्यांदाच सांगू लागल्या. उंच चढवलेल्या टोमॅटोच्या वेली, त्यांना दोऱ्यांनी बांधायचं, पानांच्या बगलेतले फुटवे खुडायचे. हात हिरवे व्हायचे, मग काळे. धुतले की पाणी पिवळं व्हायचं, पण वास जायचा नाही. तो केसांत, बाह्यांत, उशीत. "तुझे सासरे म्हणायचे, तू जिना चढायला लागलीस की मला वर कळतं."

मेणबाई काकांकडे गेली. काकांनी डोकं खाजवलं. "हिरवे वास आहेत माझ्याकडे. पाच-पन्नास आहेत. पण त्यातला टोमॅटोचा पाला कुठला, हे मी कसं सांगू? मी टोमॅटो फक्त ताटात बघितलाय. त्यांनाच घेऊन ये."

घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा सासूबाईंनी जिन्याच्या दिशेने हात केला आणि विषय संपवला. पण नवरा जेवता जेवता ते ऐकत होता. दुसऱ्या दिवशी तो कामावरच्या एका सोबत्याला घेऊन लवकर घरी आला. दोघांनी पट्टे आणले होते, यंत्रं उचलायचे. त्यांनी ते खुर्चीला आवळले.

"मी काय लिफ्टची मोटर आहे?" सासूबाई कडाडल्या.

"मोटर गप्प बसते, आई," तो म्हणाला, आणि त्यांना उचललं.

हाड मोडल्यापासून सासूबाई डॉक्टरकडे सोडून कुठेही गेल्या नव्हत्या. रस्त्याला लागल्यावर त्यांची बडबड थांबली. बेकरीपाशी त्यांनी हात वर करून खुर्ची थांबवायला लावली. मग चांभाराच्या टपरीपाशी. मग एका दारात नुकताच रंग दिला होता, तिथे. मेणबाई मागून खुर्ची ढकलत होती. तिला यातलं काहीच येत नव्हतं, पण पुढचं पांढरं डोकं कुठे वळतं ते बघत ती चालली होती.

काकांनी टेबलावर हिरव्या वासांच्या पट्ट्या मांडून ठेवल्या होत्या. सासूबाईंनी पहिली उचलली.

"हे गवत."

दुसरी. "ही काकडी."

तिसरी. "हीसुद्धा काकडीच, पण शिकलेली."

काकांच्या भुवया वर गेल्या. चौथी पट्टी हुंगून सासूबाई म्हणाल्या, "हा वास करणाऱ्याने टोमॅटोचं झाड चित्रात बघितलंय."

"ताई, हे तेल फार नावाजलेलं आहे," काका जरा दुखावून म्हणाले.

"असेल. नावाजलेल्या माणसांना झाडं बांधायला कोण पाठवतंय?"

काका आधी गोरेमोरे झाले आणि मग खो-खो हसले. त्यांनी सासूबाईंना शिकवलं की नाक थकलं की स्वतःच्याच बाहीचा वास घ्यायचा, म्हणजे ते ताजं होतं. सासूबाई आज्ञाधारकपणे बाही हुंगून पुन्हा पट्टी उचलायच्या. टेबलावर नापास पट्ट्यांचा ढीग झाला. शेवटी काका स्टूल घेऊन वर चढले आणि सगळ्यात वरच्या फळीवरून धुळीने माखलेला एक डबा खाली काढला. एका साबणवाल्याने तो खास मागवला होता. मग त्याचा साबण काही बाजारात आलाच नाही. हे तेल पुन्हा कुणी मागितलं नव्हतं.

काकांनी पट्टी बुडवून दिली. सासूबाईंनी ती नाकाशी नेली.

मेणबाई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिला वास येत नव्हता, म्हणून कदाचित ती जास्तच नीट बघत होती. सासूबाईंचा खालचा ओठ हलला. त्यांनी पट्टी मांडीवर ठेवली, दोन्ही तळहात उलटे-सुलटे करून बघितले, जणू त्यांवर काही लागलंय.

"हेच," त्या म्हणाल्या.

काकांनी डबा पुसला आणि अख्खा मेणबाईच्या हातात दिला. ती पैशांचं विचारायला लागली तर म्हणाले, "मेणात बसतंय का ते बघ आधी. इतकी वर्षं तो डबा वर नुसता बसून होता. बरं झालं, कुणीतरी त्याला ओळखणारं आलं."

आणि मेणात ते बसेना. पहिल्या मेणबत्तीला जळल्यावर नुसत्या मेणाचा वास आला. तेल वाढवलं तर वरच्या थराला घाम फुटला. वात जाड केली तर काजळी धरली. मेणबाईच्या नाकी नऊ आले. दर वेळी सासूबाई दाराआडून सांगायच्या, "नाही गं. आला आणि गेला." शेवटी ती काकांना विचारायला गेली. ते म्हणाले, हिरवे वास हलके असतात, चटकन उडतात. त्यांना धरून ठेवणारं काहीतरी जड, लाकडाचं, अगदी थेंबभर घाल, आणि नेहमीपेक्षा जास्त मुरू दे.

तिने तसं केलं. नेहमीपेक्षा जास्त मुरू दिलं. मग एका संध्याकाळी सासूबाईंच्या खोलीत ती मेणबत्ती लावली आणि दार लोटून घेतलं. तेवढ्यात नवरा कामावरून आला. हातातली हत्यारांची पिशवी खाली ठेवायची विसरून तो बाहेरच्या खोलीत तसाच उभा राहिला. केस पिकलेला माणूस, पण चेहरा शाळकरी पोरासारखा झाला होता.

"आई कामावरून आली?" तो म्हणाला.

म्हणाला आणि स्वतःच दचकला. मेणबाईने दार उघडलं. सासूबाई पदराने डोळे पुसत होत्या. "जमली," त्या म्हणाल्या. "पास."

दुकानातल्या पट्टीवर 'आई कामावरून आली?' हेच वाक्य छापलं गेलं. मालकीणबाईंनी सांगितलं की काही लोक ती मेणबत्ती घेतात आणि काही नुसतं झाकण उघडून उभे राहतात, आणि आपण त्यांना उभं राहू देतो.

पुढे थंडी सरता सरता मेणबाईचं नाक जागं होऊ लागलं. आधी वेडंवाकडं. कॉफीला जळक्या रबराचा वास यायला लागला, साबणाला गंजलेल्या लोखंडाचा. ती घाबरली, पण डॉक्टरबाई म्हणाल्या की हे चांगलं लक्षण आहे. मग एका सकाळी शाळेत सासूबाईंनी नेहमीसारखी कुपी पुढे केली आणि मेणबाई म्हणाली, "लिंबू."

"कालचं लक्षात ठेवून सांगतेस."

"नाही आई. येतोय. नखातसुद्धा जळजळलं."

सासूबाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवला. मग कुपीला बूच लावलं, चारही कुप्या डब्यात ठेवल्या आणि डबा तिच्याकडे सरकवला. "चला, सुटले मी. आता तुझं तू बघ."

आवाज कोरडा होता. पूर्वीसारखा. त्या दिवशी घरात पुन्हा घड्याळ ऐकू आलं. दुपारी मेणबाईने काकांची एक नवी कुपी उघडली, स्वतः हुंगली. वास आला, अर्धामुर्धा, पण आला. ती बराच वेळ कुपी धरून बसली. मग उठून आत गेली.

"आई, हा बघा ना."

"तुला येतोय ना? मग?"

"येतोय. पण मला नुसतं 'छान' सुचतंय. 'छान' म्हणून मेणबत्ती विकू का?"

सासूबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"नाक माझं परत आलं आई," मेणबाई म्हणाली. "ते गेलं नसतं तर मी या पलंगावर कधी बसलेच नसते. आता मला उठवू नका."

मग सासूबाईंनी खिडकीकडेच तोंड ठेवून मागे हात केला. मेणबाईने त्यात कुपी ठेवली. त्यांनी हुंगली, डोळे मिटले.

"शेजाऱ्यांकडची सुट्टी," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे नाही. शेजाऱ्यांकडे. भिंतीपलीकडून येतेय."

त्याच वर्षी काकांच्या दुकानाला लागून असलेली तळमजल्यावरची खोली रिकामी झाली. तिथे आधी रिकामी पिंपं ठेवायचे. काकांनी ती दुसऱ्या कुणाला दाखवायच्या आधी मेणबाईला निरोप धाडला, घरमालकाशी स्वतः बोलले, आणि वर म्हणाले, "मला रोज वरचेवर निकाल विचारायला बरं पडेल." नवऱ्याने सुट्ट्या टाकून भिंती रंगवल्या, उंबऱ्यावर लोखंडी पत्र्याचा उतार बसवला. सासूबाईंना घरून तिथवर आणण्यासाठी त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी पाळी लावून घेतली. सकाळी कामावर जाताना खाली, संध्याकाळी येताना वर.

मेणबाई बोलून दाखवणाऱ्यांतली नव्हती, आणि घरच्या माणसांना तोंडावर काय म्हणायचं असतं हे तिला कधी उमगलंही नव्हतं. पण नव्या खोलीत शेगडी मांडायच्या आधी तिने एक जागा ठरवली. दाराजवळची, जिथे ऊन येतं, जिथून रस्ता दिसतो आणि बोळातले सगळे वास आत येतात. तिथे तिने सासूबाईंची खुर्ची लावली, पायांखाली चटई घातली, हाताशी छोटं टेबल ठेवलं. मेणाच्या भांड्यांना जागा अपुरी पडली, तेव्हा भिंतीला फळ्या मारून तिने ती भांडी वर चढवली.

पहिल्या सकाळी साबणाच्या कारखान्यातल्या बायका कामावर निघाल्या होत्या. दारातल्या म्हाताऱ्या बाईला बघून त्यातली एक थांबली. "आजी, इथे काय मिळतं?"

सासूबाईंनी तिला जवळ बोलावलं, तिच्या बाहीशी वाकून नाक लावलं आणि म्हणाल्या, "तू काल घरी जाताना फुलं घेतलीस. पिवळी. स्वतःसाठीच घेतलीस ना?"

ती बाई चकित होऊन हसली, उतारावरून आत आली आणि कुठली मेणबत्ती आधी उघडू म्हणून फळीवरचे ग्लास बघू लागली. मेणबाईने हात पुसले आणि तिला बसायला स्टूल दिलं.